पक्क्या डोक्याचा डबा

गोरोबाकाकांनी संतमंडळींच्या डोक्यावर थापटणं मारून कुणाचं मडकं कच्चं ते ठरवलं, ही आमच्या तेरची कथा उभ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. तीच परीक्षा आमच्या अण्णांनी वर्षानुवर्षं टीव्हीवर चालवली. चित्र लोळू लागलं की डोक्यावर एक चापट. त्यानं नाही भागलं तर मी माळवदावर, अँटेनाच्या दांड्याला लटकलेला.

“आलं का?”

“आवाज यायलाय, माणसं न्हाईत!”

“आता?”

“आली, पण दोन-दोन!”

१९८७च्या रामायणात आमच्या घरी रामाच्या मागे दोन लक्ष्मण उभे असत आणि वनवास सगळा मुंग्यांतून चाले. तरी कुणी उठून गेलं नाही. त्या सिग्नलची दानत मोठी होती. निम्मंशिम्मं का होईना, तो द्यायचा.

डिजिटलचा कारभार रोखठोक. सिग्नल पुरला तर आरशासारखं स्वच्छ, नाही तर निळा पडदा.

डिजिटल टीव्ही साध्या अँटेनावरही दिसतो म्हणे. २०१६ साली दूरदर्शननं देशातल्या सोळा शहरांत ती सोय केली, त्यांत औरंगाबादही होतं. वेगळा डबा घ्यायचा किंवा मोबाइलला बोटभर डाँगल लावायचं. तिकडच्या भाच्याला मी उत्साहानं विचारलं. तो म्हणाला, “मामा, असं काही असतं?” पुढे २०२१-२२च्या सुमारास प्रसार भारतीनं उरलेसुरले बहुतेक जुने मनोरेही बंद केले आणि आमचा अँटेना एकट्या कावळ्यांच्या मालकीचा झाला.

आम्हाला तारलं ते फ्री डिशनं. २००४च्या डिसेंबरात ‘डीडी डायरेक्ट प्लस’ या नावानं सुरू झालेली ही सेवा. छत्री आणि डबा एकदाच विकत घ्यायचा, मग महिन्याचं भाडं शून्य. ‘शून्य’ ऐकून अण्णांनी चष्मा काढून पुसला. आज देशातली चार कोटींहून जास्त घरं याच शून्यावर आहेत.

छत्री बसवणारा पोरगा आला, मोबाइलवर दिशा शोधली आणि म्हणाला, “आग्नेय.” उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला, सुमारे छत्तीस हजार किलोमीटर उंच. अण्णांनी हरकत घेतली, “आग्नेयेला चूल असते.” पोरगा बिचारा म्हणाला, “काका, उपग्रहाला वास्तुशास्त्र कळत न्हाई.” बोटभर इकडे-तिकडे झालं तरी निळा पडदा, हे कळल्यावर मात्र अण्णांनी माळवदावर कुरडया घालायला बंदी केली.

जोराच्या पावसात चित्राचे चौकोनी तुकडे पडतात आणि मग सगळंच जातं. पण मराठवाड्यात पावसाची तक्रार करायची कुणाकडे? “जाऊ दे टीव्ही, पडू दे,” एवढंच आई म्हणते. एवढी उदार ती १ एप्रिल २०२२ला नव्हती. त्या दिवशी काही बड्या हिंदी वाहिन्या फुकटचा डबा सोडून गेल्या. आधी तिला एप्रिलफूल वाटलं, मग तिनं डब्याच्या डोक्यावर चापट मारली. डबा पक्का निघाला, ढिम्म हलला नाही.

जुना अँटेना अण्णा भंगारात देत नाहीत. हे गाव म्हणजे प्राचीन तगर. इथला माल भडोचमार्गे थेट रोमन जगात जायचा. इथं टाकलेलं काहीही दोन हजार वर्षांनी कुणीतरी ब्रशनं झाडतं आणि लामतुरे संग्रहालयात काचेआड ठेवतं, असं त्यांचं म्हणणं.

तेरला आलात तर ते संग्रहालय जरूर बघा, गोरोबाकाकांचं दर्शन घ्या, आमच्याकडे चहालाही या. फक्त सात ते नऊ बातम्या लावा म्हणू नका. रिमोट आईकडे असतो.