ताटी, टाकी आणि तहकुबी

होळीची राख निवते न निवते तोच नागपुरात ज्या एका सणाची चाहूल लागते, त्याचा उल्लेख कोणत्याही पंचांगात सापडावयाचा नाही. तथापि त्याचे विधी ठरलेले आहेत, यजमान ठरलेले आहेत आणि पुरोहिताची दक्षिणा तर दरसाल चढत्या भावाने ठरलेली आहे. या सणास लोकभाषेत ‘कूलर काढणे’ असे म्हणतात. पैकी ‘काढणे’ हे क्रियापद लाक्षणिक अर्थाने घ्यावे, कारण आमचा कूलर मागल्या खिडकीबाहेर लोखंडी घोडीवर बारमाही मुक्काम ठोकून असतो. काढावयाचे असते ते केवळ त्याच्यावरील आच्छादन. आमच्याकडे ते आच्छादन म्हणजे कुणा पराभूत उमेदवाराचा फ्लेक्स असल्यामुळे तो गृहस्थ कित्येक महिने खिडकीबाहेर हात जोडून ‘सेवेची एक संधी द्या’ असे विनवीत उभा असतो, आणि ही विनवणी त्याची नसून त्याच्याखाली झाकलेल्या यंत्राची आहे, हे आमच्या ध्यानात यावयास पारा चाळिशीला टेकावा लागतो.

यंदा फ्लेक्स दूर सारल्यावर आतील मुद्देमालाचा जो पंचनामा झाला तो येणेप्रमाणे: पारव्याचे परित्यक्त घरटे, नग एक; रबरी चेंडू, ज्याच्या चोरीचा आळ गेल्या मे महिन्यात शेजारच्या मुलावर घेतला गेला होता, नग एक; टाकीच्या तळाशी वाळून भेगाळलेला गाळ, अदमासे दोन शेर; आणि तिन्ही बाजूंच्या ताट्यांत, जेथे एके काळी सुगंधी वाळा होता, तेथे खडीसाखरेसारखे पांढरे व टणक असे काही. हे पांढरे पुट म्हणजे आमच्या बोअरच्या पाण्यातील क्षार होत. पाणी हवेत उडून जाते, क्षार मात्र स्थावर मिळकतीप्रमाणे मागे राहतात. आणि रोज नवे पाणी ओतून जुने कधीच सोडून न दिल्यास टाकीतील द्रव उत्तरोत्तर समुद्राच्या गुणधर्माकडे झुकत जाऊन ताटीची छिद्रे बुजतात, हवा अडते, पंखा कण्हू लागतो, आणि घरातील कर्ता पुरुष कपाळावरचा घाम निपटून ‘यंदा ऊनच फार आहे’ असा शास्त्रीय निष्कर्ष काढतो.

चौकातला मिस्त्री हा या सणाचा पुरोहित. फेब्रुवारीत हा मनुष्य दुकानाच्या पायरीवर माशा मारीत बसलेला असतो आणि तेव्हा त्यास बोलावल्यास तो तत्काळ, हसतमुखाने आणि निम्म्या पैशांत येईल. परंतु तेव्हा बोलावणे हे आमच्या कुळाचारात बसत नाही. एप्रिलच्या मध्यावर सारे शहर त्याच्या दारी रुजू झाले म्हणजे तोच मनुष्य एकाएकी मुलुखाचा सुभेदार होतो, आणि तीन तारखा चुकवून चौथ्या तारखेस आल्याबद्दल आपणच त्याचे आभार मानतो. त्याने पंप उचलून उन्हात धरला, त्याची इवलीशी पाती बोटाने फिरवून पाहिली, आणि ती फिरली नाहीत तेव्हा वैद्याने नाडी सोडावी तसा तो खाली ठेवला.

“पंप जाम झाला, भाऊ. अन् हे वायर पाहा, उंदरानं कुरतडून टाकली. अर्थिंग त तुमच्याकडं नाहीच.”

“मागच्या वर्षी तर चालत होता.”

“मागच्या वर्षी मी हेच सांगून राहिलो होतो.”

यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. लोखंडी टाकी, पाणी आणि वीज या तिघांना एकाच घोडीवर बसविल्यावर त्यांच्यातील सलोख्याची खातरजमा वर्षातून एकदा तरी करावी आणि पाणी भरण्यापूर्वी प्लग काढावा, एवढ्या साध्या गोष्टींच्या अभावी विदर्भात दर उन्हाळ्यात माणसे दगावतात. त्या बातमीवर हळहळ व्यक्त करतानाही आमचा एक हात ओल्या टाकीवर असतो.

वास्तविक पाहता या यंत्राइतके निगर्वी यंत्र दुसरे नाही. एक लिटर पाणी वाफ होऊन हवेत विरते तेव्हा ते जेवढी उष्णता गिळंकृत करते, तेवढी गिळण्यास सुमारे सात किलो बर्फ वितळावा लागेल. आणि हा पराक्रम आमचा कूलर एक पंखा, एक बोटभर पंप आणि मूठभर गवताची मुळे एवढ्या शिबंदीवर करून दाखवितो. त्या बदल्यात त्याच्या मागण्या काय? आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून आतून घासावी, ताट्या धुवाव्यात, हवा बाहेर जावयास समोरची एक खिडकी किलकिली ठेवावी, आणि हंगाम सरल्यावर पंप पुसून कोरड्या जागी ठेवावा. एवढा चार कलमी अर्ज गेली पंधरा वर्षे आमच्या दप्तरी दाखल आहे, आणि दर वर्षी त्यावर ‘पुढील हंगामात विचार व्हावा’ असा शेरा मारण्यात येतो.

आमचे शेजारी, निवृत्त नायब तहसीलदार, या बाबतीत आपण सुटलो असे मानतात. कारण त्यांच्याकडे एसी आहे, आणि एसीपेक्षाही श्रेष्ठ असा त्याचा वार्षिक देखभालीचा करार आहे. त्या कराराची निगा ते यंत्राहून अधिक राखतात: प्रत्येक पावती तारीखवार लावून तांबड्या रुमालात बांधलेली असते. एसीतील धुळीची जाळी दोन खटके दाबून काढावी आणि नळाखाली धरावी, हे दहा मिनिटांचे काम आमच्या धुळीच्या उन्हाळ्यात दर पंधरवड्यास करावे लागते. पण ‘ते काम करारान्वये त्यांचे’ या मुद्द्यावर ते ठाम असल्याने जाळीवर गोधडी जमते आणि वीजबिल चढते. गेल्या महिन्यात कारागीर येऊन ‘गॅस कमी झाला आहे’ म्हणाला. आता हा गॅस काही स्वयंपाकाचा नव्हे की रोज जळून संपावा. तो तांब्याच्या बंद नळीत वर्षानुवर्षे तोच तो फिरत असतो, आणि कमी झालाच असेल तर कोठेतरी गळती आहे, जी बुजविल्यावाचून भरलेला नवा गॅस फुटक्या घागरीतील पाण्याच्याच वाटेने जाणार. परंतु ज्यांनी हयातभर वसुलातील तूट पाहून गळती कोणत्या सजात आहे हे बसल्या जागी ओळखले, त्या आमच्या नायब तहसीलदारांनी या तुटीची कैफियत न मागता रक्कम बिनतक्रार अदा केली आणि पावती तेवढी मागून घेतली.

अशा वेळी मला आजीच्या न्हाणीघरातील तांब्याचा बंब आठवतो. पहाटे उठून आदल्या दिवसाची राख ओढावयाची, मग खांडे घालावयाची. जितके ऊन पाणी तोटीतून घ्यावयाचे तितके थंड पाणी वरून ओतावयाचे, कारण कोरडा बंब तापला तर झाळ सुटते. आणि सणावारी चिंच लावून तो असा घासावयाचा की त्यात आपलेच तोंड लांबोडके होऊन दिसावे. आजीला ‘देखभाल’ हा शब्द ठाऊक नव्हता. तो आम्हांस ठाऊक आहे, आणि त्याची वाटणीही आम्ही करून टाकली आहे: पूर्वार्धातील देखणे शेजाऱ्यांच्या एसीकडे लावले आहे, आणि उत्तरार्धातील भाल, म्हणजे संस्कृतात ज्यास कपाळ म्हणतात, ते तेवढे आपले स्वतःचे. जे काम रोज थोडे थोडे करावयाचे, त्याचा आम्ही वर्षातून एकदा साजरा करावयाचा सण केला. आणि सणाचा गुण असा की तो एकदा पार पडला म्हणजे पुढचे वर्षभर देवाची आठवण ठेवण्याचे कारण उरत नाही.

25 मेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरतो आणि नवतपा लागतो, तेव्हा ही हयगय व्याजासह वसूल होते. यंत्राची चूक नेहमी उन्हाच्या खात्यात जमा होते असे मी वर म्हटले. पण कधी हिशेब उलटाही फिरतो. 30 मे 2024 रोजी शहरातील एका स्वयंचलित तापमापकाने 56 अंशांची नोंद केली आणि देशभर खळबळ उडाली. पुढे निष्पन्न झाले की त्याचा संवेदकच बिघडला होता. शहर तापले होते खरे, पण वरचा ताप त्या यंत्राचा होता. माझ्या मिस्त्रीने ही बातमी वाचून एवढेच म्हटले, “फेब्रुवारीत दाखवाले पाहिजे होतं.”

मृगाचा पाऊस आला की हवा ओली होते, ओल्या हवेत पाणी उडत नाही, आणि कूलर केवळ दमट वारा सोडू लागतो. तेव्हा बटण बंद होते आणि टाकीत चार बोटे पाणी उरते. डेंग्यूच्या डासिणीस इतके पाणी पुष्कळ झाले. ती पाण्याच्या रेघेच्या किंचित वर, टाकीच्या भिंतीस अंडी चिकटविते. ती कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने तग धरतात आणि पाणी मिळताच आठवडा-दहा दिवसांत त्यांचे डास होतात. म्हणजे पाणी नुसते ओतून भागत नाही, भिंत घासावी लागते. आरोग्य खाते यासाठी आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळण्यास सांगते. आमचा कोरडा दिवस जूनमध्ये पाऊस लागला म्हणून, जुलैत पाहुणे आले म्हणून आणि श्रावणात उपवास होता म्हणून तहकूब झाला.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारीत मारबत निघते. काळी आणि पिवळी अशा दोन प्रचंड बाहुल्यांच्या माथी गावाची इडापिडा, रोगराई, खोकला, महागाई सारे काही मारून त्यांना वाजतगाजत शहराबाहेर नेण्याची ही चाल शतकाहून जुनी आहे. आम्ही सहकुटुंब पुढच्या गच्चीत उभे होतो, आणि खाली जमाव डेंग्यूचेही नाव घेऊन ओरडत होता, तेव्हा मीही मनोभावे सूर मिळविला. इतक्यात पायाला काहीतरी चावले. सौभाग्यवतींनी मागल्या खिडकीकडे पाहिले.

“अहो, ती टाकी रिकामी केली का?”

“मारबत जाऊ दे,” मी म्हणालो, “मग करतो.”