पुलावरची गरी आणि सरकारी फूटपट्टी

2023 साली महाराष्ट्र सरकारने पापलेटला राज्यमासा केले आणि त्याच वर्षी 54 जातींच्या माशांची किमान लांबीही ठरवून दिली. पापलेट 135 मिलिमीटर, बोंबील 180, सुरमई 370. त्याहून लहान मासा धरायचा नाही. पोलीसभरतीतसुद्धा उंची मोजूनच नेमणूक देतात, तेव्हा राज्यमाशाने तक्रार करू नये. नियमात खोट नाही. माशाला एकदा तरी अंडी घालू द्या आणि मग खुशाल तव्यावर घ्या, इतका साधा हिशेब आहे. चूक झाली ती फूटपट्टी कोणाच्या हातात द्यायची हे ठरवताना. ट्रॉलरच्या जाळ्यात मासे एकमेकांखाली चेंगरून वर येतात आणि फळीवर ओतेपर्यंत बरेचसे मेलेले असतात. त्यातला 134 मिलिमीटरचा पापलेट हुडकून सन्मानाने समुद्रात सोडला, तर समाधान कायद्याचे होईल, पापलेटचे नाही. म्हणून तर जाणकार मासा मोजण्याआधी जाळ्याचा आस मोजायला सांगतात. मासा जिवंत हातात यावा, मोजता यावा आणि पुन्हा पाण्यात सोडता यावा, अशी सोय गरीवर आहे. पण 1981 चा आपला सागरी मासेमारीचा कायदा नौकेच्या भाषेत बोलतो: नौकेची नोंदणी, नौकेचा परवाना. रविवारी खाडीच्या पुलावर हजारोंची काठी आणि परदेशी रीळ घेऊन उभ्या राहणाऱ्या हौशी माणसाकडे नौकाच नाही. ज्याला नियम पाळता येईल त्याला तो कोणी सांगत नाही, आणि ज्याला सांगतात त्याच्या हाती पडेपर्यंत मासा गेलेला असतो.

पावसाळ्यात तर ही गंमत आणखी रंगते. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौका किनाऱ्याला लागलेल्या असतात, कारण माशांचा विणीचा हंगाम असतो. पुलावरच्या छत्रीला मात्र बंदी नाही. नेमक्या याच दिवसांत जिताडा खाडीच्या तोंडाशी वीण घालतो आणि त्याची पिल्ले भरतीबरोबर खारफुटीत शिरतात. रायगडात ज्याच्यासाठी पाहुणा मुक्काम वाढवतो तो हा मासा आधी नर असतो आणि काही वर्षांनी, अंगाने भरला की, मादी होतो. म्हणजे ज्याला छातीशी धरून फोटो काढावासा वाटतो तो धिप्पाड जिताडा बहुधा मादीच. नुसती किमान लांबी ठरवून इथे भागत नाही. हाच जिताडा ऑस्ट्रेलियात बारामुंडी म्हणून मिरवतो. तिथल्या क्वीन्सलँडमध्ये 58 सेंटिमीटरहून लहान आणि 120 सेंटिमीटरहून मोठा, दोन्ही परत सोडावे लागतात, जवळ पाचच ठेवता येतात आणि पूर्व किनाऱ्यावर विणीच्या दिवसांत त्याला धरायचेच नसते. पोरांना अभय आणि आयांनाही अभय. आपल्याकडे अभय फक्त गरवणाऱ्याला.

यावर कोणी म्हणेल की दोन-चार माशांनी खाडी रिकामी होते का? होत नाही. खाडी रिकामी होते ती सांडपाण्याने, भरावाने आणि खारफुटीवर चाललेल्या कोयत्याने. हौशी माणूस या यादीत फार खाली आहे. पण खाडी हे माशांचे पाळणाघर आहे, आणि पाळणाघरातून रोज दोनच मुले पळवतो हा काही बचाव होत नाही. शिवाय हौशी माणसाला वर्षाचा परवाना आणि त्याची फी लावली, तर एक वेगळाच फायदा होईल. फुकट गरवणारा खाडीत मेलेले मासे तरंगताना पाहून दुसरा पूल शोधतो. फी भरलेला माणूस जाब विचारतो. कोणत्याही सोसायटीची वार्षिक सभा पाहावी.

पाग टाकणाऱ्या कोळ्याला, चिंबोऱ्या आणि निवट्या धरणाऱ्या आगऱ्याला, कालवे काढणाऱ्या बायांना यात ओढू नये, हा आक्षेप मात्र रास्त आहे. त्यांना सूट द्यावी, आणि ती देताना फार डोके खाजवावे लागणार नाही: पोटासाठी मासा धरणारा त्याच्याबरोबर फोटो काढत बसत नाही. राहिला प्रश्न देखरेखीचा. मत्स्यव्यवसाय खात्याने प्रत्येक पुलावर शिपाई उभा करावा असे कोणी म्हणत नाही; तसे केले तर शिपाईसुद्धा गरी टाकेल. हौशी माणूस स्वतःच पुरावा गोळा करतो आणि संध्याकाळच्या आत चारचौघांत वाटतो. त्याच्या सांगण्यातला एकही मासा आजवर किमान लांबीपेक्षा लहान निघालेला नाही. अडचण एवढीच की ती लांबी त्याच्या दोन हातांमधल्या अंतराने मोजलेली असते. तेव्हा परवान्यात एकच अट घालावी: फोटोत माशाशेजारी फूटपट्टी हवी. खात्याचा आदेश निघेपर्यंत हौशी मंडळींनी घरातली शाळेची पट्टी न्यायला हरकत नाही. ती 30 सेंटिमीटरची असते. जिताड्यासाठी दोन न्याव्यात.