नोंदणीकृत गरजू

गरजू होणं फार सोपं आहे. आमच्या शहरात तर नुसतं नळाच्या वेळापत्रकावर विसंबून राहिलं की माणूस आपोआप गरजू होतो. अवघड आहे ते नोंदणीकृत गरजू होणं. हे ज्ञान मला निवृत्तीनंतर झालं, आणि तेही एका खड्ड्यापायी.

आम्ही छत्रपती संभाजीनगरच्या सिडकोत राहतो. पैठणचा नाथसागर इथून पन्नासेक किलोमीटर. तिथून पाणी निघतं आणि वाटेत कुठं रेंगाळतं ते त्याचं त्यालाच ठाऊक. आमच्या नळाला ते काही दिवसांआड दर्शन देतं. शहराची नवी पाणीपुरवठा योजना १,६८० कोटींची होती, ती २,७४० कोटींवर गेली. टाकीत पाणी चढायच्या आत आकडा चढला. मधल्या काळात कॉलनीच्या ओपन स्पेसमधला बोअर हाच आमचा आधार, आणि मार्च लागला की तोही धापा टाकतो.

कट्ट्यावर कुणीतरी हिशेब मांडला. शंभर चौरस मीटरची गच्ची, वर्षाला सातशे मिलिमीटर पाऊस. म्हणजे एकेका गच्चीवर सत्तर हजार लिटर पाणी पडतं आणि गटारीला मिळतं. तेच गाळून बोअरशेजारी मुरवलं तर? खड्डा खणायचा, तळाला दगडगोटे, त्यावर खडी, त्यावर वाळू, आणि गच्चीचा पाइप आणून सोडायचा. पहिल्या पावसाचं घाण पाणी बाहेर काढायला एक व्हॉल्व्ह. काम इतकं साधं होतं की ते चार-आठ दिवसांत उरकलंही असतं. पण तेवढ्यात एकानं पेपरातलं कात्रण आणलं. शहरातला एक धर्मादाय ट्रस्ट लोकोपयोगी कामांना अर्थसाहाय्य देणार होता. फुकटचे पैसे म्हटल्यावर वर्गणीचा विषय तिथंच मिटला आणि सगळ्या माना माझ्याकडं वळल्या.

"सर, अर्ज तुम्हीच लिहा. तुमची भाषा लै भारी."

जन्मभर पोरांच्या निबंधांवर लाल शाई ओतलेल्या मराठीच्या मास्तरला एवढं पुरतं.

अर्जातला पहिला रकाना होता, 'प्रकल्पाची पार्श्वभूमी (१०० शब्दांत)'. मी १६१० सालापासून सुरुवात केली. त्या साली मलिक अंबरनं खडकी, म्हणजेच आमचं शहर, वसवलं. मग त्याची नहर आली, डोंगराकडचं पाणी जमिनीखालून शहरात आणणारी. मग पाणचक्की आली. लांबच्या झऱ्याचं पाणी उंचावरून पडायचं, जातं फिरायचं आणि बाबा शाह मुसाफिरांच्या दर्ग्यातल्या फकिरांसाठी, वाटसरूंसाठी दळण निघायचं. इथं मला एक वाक्य सुचलं: 'त्या चक्कीने पीठ देताना कोणाकडे पॅन कार्ड मागितले नाही.' वाक्यावर मी स्वतःच इतका खूश झालो की चहा मागवला.

बायकोनं चहा ठेवला आणि उभ्या उभ्या वाचलं. "छान आहे. पण यात आपला खड्डा कुठाय?"

खड्डा अजून यायचा होता. मी तोवर निजामापर्यंतच पोचलो होतो.

पुढं 'लाभार्थी संख्या' असा रकाना होता. कॉलनीतली माणसं मोजली; आकडा केविलवाणा दिसला. मग धुणीभांडीवाल्या मावशी, दूधवाला, पेपरवाला, उन्हाळ्यात माहेरपणाला येणाऱ्या लेकी आणि त्यांची पोरं धरली. चिमण्या आणि साळुंक्या 'इतर'मध्ये टाकल्या.

पण अर्ज ही नुसती प्रस्तावना होती. खरी कादंबरी 'सोबत जोडावयाची कागदपत्रे' इथं सुरू झाली. नोंदणी प्रमाणपत्र, घटना व नियमावली, पॅन, करसवलतीची १२ए व ८०जी प्रमाणपत्रे, आणि मागील तीन वर्षांचे ऑडिट रिपोर्ट. आम्ही नोंदणीकृत काय होतो? पार्किंगवरून भांडणारी सोळा-सतरा घरं. नवी संस्था काढावी म्हटलं, तर १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याला किमान सात जण लागतात आणि महाराष्ट्रात वरून १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंद करावी लागते. सात जण होते. पण सातही जण अध्यक्ष व्हायला तयार होते. शिवाय काल जन्मलेल्या संस्थेनं तीन वर्षांचं ऑडिट आणायचं कुठून? हे म्हणजे बारशाच्या दिवशी दहावीची गुणपत्रिका मागणं झालं.

ट्रस्टच्या कार्यालयातल्या गृहस्थांना फोन केला. माणूस सज्जन. म्हणाले, "१२ए, ८०जी नसलं तर विश्वस्तांना विचारून बघतो, सर. पण नोंदणी आणि हिशेब लागणारच."

तेव्हा कॉलनीतले निवृत्त तलाठी भाऊसाहेब धावून आले. "अहो, मंडळ आहे की आपलं! रजिस्टर्ड!"

त्यांच्या माळ्यावरून एक लोखंडी पेटी उतरवली. तिच्यात कडा उसवलेला कॅरम बोर्ड, बोरिक पावडरचा दगड झालेला डबा, गणपतीच्या मांडवाची भाड्याची पावती आणि तळाशी, कसरीनं कडेनं नक्षी काढलेलं, एका क्रीडा व सांस्कृतिक मंडळाचं नोंदणी प्रमाणपत्र. त्यावर गावाचं जुनं नाव औरंगाबाद, आमच्या अर्जावर नवं, छत्रपती संभाजीनगर. पण ही अडचण मी किरकोळ समजलो, कारण मोठी अडचण परिशिष्ट एकच्या उताऱ्यात होती. त्याला सगळे शेड्यूल वन म्हणतात. विश्वस्तांची नावं तिथं असतात.

अध्यक्ष: कैलासवासी. उपाध्यक्ष: कैलासवासी. कोषाध्यक्ष मुलाकडं पुण्याला, आणि त्यांना मंडळ आठवेना. सचिवाच्या नावावर बोट ठेवून भाऊसाहेब कितीतरी वेळ गप्प उभे राहिले. मग म्हणाले, "म्हणजे मी अजून सचिव आहे?"

वकिलांनी समजावून सांगितलं. विश्वस्त बदलला, वारला, राजीनामा दिला, की कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यायचा असतो. तो मंजूर झाला की शेड्यूल वनवरचं नाव बदलतं. आमच्याकडं माणसं गेली, तेराव्याच्या पंगती उठल्या, पण बदल अर्ज काही कुणी दिला नाही. त्यामुळं कागदोपत्री अध्यक्ष अजून कारभार बघत होते. आता मृत्यूचे दाखले, सभेची नोटीस, ठराव, संमतीपत्रं, प्रतिज्ञापत्र आणि या सगळ्यावर विलंब माफीचा अर्ज.

"सभेची नोटीस सगळ्या विश्वस्तांना गेली पाहिजे," वकील म्हणाले.

"अध्यक्षांना कोणत्या पत्त्यावर पाठवू?" मी विचारलं. विनोद बरा होता, पण वकिलांनी तो फीमध्ये धरला.

मग त्यांनी मंडळाची घटना उघडली. उद्देश: व्यायामशाळा चालवणे, कॅरम व बुद्धिबळाच्या स्पर्धा घेणे, राष्ट्रपुरुषांच्या जयंत्या-पुण्यतिथ्या साजऱ्या करणे. पाणी कुठंच नाही. संस्थेचा पैसा तिच्या उद्देशाबाहेर खर्चता येत नाही, हे मला तेव्हा कळलं. पण भाषा लै भारी असलेला माणूस अशा वेळी हटत नसतो. मी तिथल्या तिथं मसुदा केला: 'श्रमदानाद्वारे पुनर्भरण खड्डा खोदणे हा भारतीय व्यायामपरंपरेचाच एक आविष्कार होय.'

वकिलांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "सर, तुम्ही नक्की शिक्षकच होता ना?"

हिशेबांचं काम मात्र सुरळीत झालं. मंडळाची तीन वर्षांची जमा शून्य, खर्च शून्य. सीए म्हणाले, पहिल्या फटक्यात ताळेबंद जुळलेली संस्था क्वचितच बघायला मिळते.

बदल अर्ज दाखल झाला, त्याची पोच अर्जाला जोडली, आणि ट्रस्टनं स्थळपाहणीचा दिवस कळवला. मी कॉलनीत सूचना फिरवली. शाल, श्रीफळ, बसायला सतरंजी, पाहुण्यांना दाखवायला रिकाम्या हंड्यांची रांग. 'पाण्यासाठी वणवण' असा मी अर्जात शब्दप्रयोग केला होता. तो डोळ्यांना दिसायला नको?

नेमकं त्याच दिवशी पाणी आलं.

आमच्याकडं पाणी आलं म्हणजे काय होतं, हे बाहेरगावच्या माणसाला सांगून कळायचं नाही. घरोघरी मोटारी सुरू होतात, पाइप रस्त्यावर येतात, लग्नाची मुहूर्तवेळसुद्धा अर्धा तास पुढं सरकते. विश्वस्तांची गाडी वळणावर आली तेव्हा शाल घेऊन मी एकटाच उभा होतो. स्वागत समितीचे अध्यक्ष गच्चीवर टाकी तपासत होते. भाऊसाहेब पायजमा दुमडून हौद घासत होते. मांडून ठेवलेले रिकामे हंडे कॉलनीतल्या वहिनींनी केव्हाच उचलून भरून ठेवले होते. दोन टाक्या भरून वाहत होत्या, रस्त्यावरून पाणी चाललं होतं, आणि एक पोरगं त्यात कागदाची होडी सोडत होतं.

ज्येष्ठ विश्वस्तांनी धोतराचा सोगा वर धरला, चिखलातून दोन पावलं टाकली आणि सौम्यपणे विचारलं, "वणवण कोणत्या बाजूला आहे?"

मी नहर-ए-अंबरीकडं वळायचा प्रयत्न केला. तेवढ्यात वरच्या टाकीची धार शालीवर पडली.

पत्र यथावकाश आलं. 'आपल्या परिसरात तूर्त पाण्याची निकड आढळून आली नाही.' मी तावातावानं त्या सज्जन गृहस्थांना फोन लावला. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सर, आम्हाला पैसे अडवून ठेवायची हौस नाही. उत्पन्नातले ८५ टक्के धर्मादाय कामावर गेले नाहीत तर आमच्यावर कर बसतो. मार्चमध्ये आमचीच धावपळ असते. पण दिले कुणाला, हे आम्हालाही कुठंतरी दाखवावं लागतं ना?"

"मग आम्हाला द्या!"

"देतो की. चेक कुणाच्या ताब्यात देऊ, तुमच्या अध्यक्षांच्या?"

यावर मराठी भाषेत उत्तर नाही. निदान मला आलं नाही.

शेवटी विषय परत वर्गणीवर आला. मी म्हटलं, बरं झालं. आपली माणसं, आपला पैसा, कागदाची कटकट नाही. पहिल्याच घरात विचारलं, "तीन कोटेशनं घेतलीत का?" दुसऱ्या घरातला मुलगा इंजिनिअर, त्याला खड्ड्याचं ड्रॉइंग हवं होतं. तिसऱ्यांचं म्हणणं, भाडेकरूंनी द्यायचं की घरमालकानं, हे आधी लेखी ठरवा. कोपऱ्यावरच्या घरानं विचारलं की खड्डा ओपन स्पेसमध्ये, मग उद्या ती जागा आमची नाही असं कुणी म्हणालं तर? मी घरी येऊन एक माहितीपत्रक तयार केलं. वर्गणीदाराचे नाव, घर क्रमांक, मालक की भाडेकरू, गच्चीचे क्षेत्रफळ, हरकत असल्यास तिचे स्वरूप. छापून आणल्यावर बघतो तर ट्रस्टच्या अर्जापेक्षा माझ्या पत्रकात चार रकाने जास्त.

ते घेऊन भाऊसाहेबांकडं गेलो. त्यांनी नीट वाचलं, खिशातून पैसे काढले आणि हातात देता देता थांबले. "सर, राग मानू नका. मागच्या तीन वर्षांच्या गणपतीचा हिशेब तेवढा दाखवा. वर्गणी तुमच्याकडंच होती ना?"

होती. हिशेबही आहे, एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर. लग्न कुणाचं ते आठवलं की पत्रिकाही सापडेल.

खड्डा झाला. पैसे भिशीवाल्या वहिनींनी गोळा केले. त्यांच्या वहीत प्रत्येकाच्या नावापुढं सही आहे, वाळूवाल्याच्या बिलाला टाचणी आहे, आणि शिल्लक राहिलेल्या नव्वद रुपयांचीही नोंद आहे. पावत्या मात्र त्यांनी मलाच लिहायला दिल्या, माझ्या अक्षराला मान म्हणून. अट एकच घातली: पार्श्वभूमी लिहायची नाही.