गाय कोणाची, काजू कोणाचे

गोव्यातल्या लाटंबार्सेत भांडण कोकणीत होतं, त्यावर वर्तमानपत्री चर्चा मराठीत होते आणि अर्ज मात्र इंग्रजीत जातो. 1987 च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणीला मान दिला, मराठीलाही सरकारी कामात जागा ठेवली. पण अर्ज इंग्रजीत असला तरच साहेब चष्मा लावून वाचतो, अशी आमच्या वाड्यावरची पक्की समजूत. 1961 साली पोर्तुगीज गेले. साहेबाशी परक्या भाषेत बोलावं, ही समजूत काही गेली नाही.

असे अर्ज तपासायला माझ्याकडे येतात. स्पेलिंग ठीक असतं, काळही जमलेला असतो. माणसं बुडतात ती सर्वनामांत.

शेजारच्या आजोबांचा नातू मसुदा घेऊन आला: ‘ही टोल्ड हिम दॅट हिज काऊ एट हिज काजू, देन ही बीट हर अँड ही गॉट अँग्री.’ एक आजोबा, दुसरे त्यांचे चुलतभाऊ. कोणी कोणाला सांगितलं, गाय कोणाची, चिडलं कोण? मराठीत यातला निम्मा घोळ उभाच राहत नाही. ‘त्याने आपली गाय सोडली’ म्हटलं की गाय सोडणाऱ्याची. ‘त्याची गाय सोडली’ म्हटलं की दुसऱ्याची. इंग्रजीला हा ‘आपला’ ठाऊक नाही. जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर सगळ्या भावांची नावं एकाखाली एक असावीत, तसे तिच्या ‘हिज’मध्ये सगळे मालक.

दुसऱ्या परिच्छेदात नातवाला एकदम आदर आठवला होता. ‘ग्रँडफादर इज सेव्हंटी. दे हॅव डायबिटीस.’ एका माणसासाठीचं ‘दे’ इंग्रजीत शतकानुशतकं आहे, मेरियम-वेबस्टर कोशाने तर 2019 चा शब्द म्हणून ‘दे’ निवडला. पण त्या ‘दे’त आजोबांच्या वयाचा मान नाही. कारकुनाने वाचलं असतं तर मधुमेह अख्ख्या घराला झाला असता.

पुढे साक्षीदार, म्हणजे नातवाची बहीण. कोकणीत तरुण मुलीला ‘ती’ नव्हे, ‘तें’ म्हणतात. तें आयलें, तें गेलें. पोरगा त्याच मायेने लिहितो: ‘माय सिस्टर सॉ द काऊ. इट इज इन ट्वेल्थ.’ गाय बारावीत!

आजीचीही साक्ष होती. तिने जन्मात नवऱ्याचं नाव घेतलेलं नाही. ‘हे झोपले होते’ असं ती म्हणाली, आणि कागदावर उतरलं ‘दीज वेअर स्लीपिंग’. ‘आमचे हे’ म्हणजे कोण, हे विचारायची पाळी मराठीत कुणावर येत नाही. नाव आधी सांगायचं, मग सर्वनाम, हा इंग्रजीचा नियम. आजीचा संसार नाव न सांगताच झाला.

मी नातवाला म्हटलं, एका वाक्यात दोन पुरुष आले की ‘ही’ला रजा द्यायची आणि नाव लिहायचं. तेच नाव पुन्हा आलं की वाचायला कंटाळवाणं होतं, शाळेत लाल रेघही पडते. पण हा निबंध नाही, तक्रार आहे. इथे कंटाळा परवडतो.

पोराने नियम जरा जास्तच मनावर घेतला. सगळी सर्वनामं काढली, दोघांची नावं घातली आणि गायीच्या जागीही तिचं नाव: गौरी. गौरी बागेत शिरली, गौरीला दांड्याने मारलं, गौरी दोन दिवस जेवली नाही.

अर्ज परत आला. वर पेन्सिलीने शेरा: पीडित महिलेच्या वयाचा दाखला जोडावा.

आजोबांनी शेरा वाचून घेतला, थोडा विचार केला आणि नातवाला म्हणाले, ‘‘लिही, चौथ्या वेताची आहे.’’