शिलाई मशीनवाल्यांचं पिस्तूल

बीडमध्ये राहून ‘मला जुन्या पिस्तुलांचा नाद आहे’ असं सांगणं ही चांगली जुळलेली सोयरीक मोडायची सोपी युक्ती आहे. समोरचा आधी माझ्या कमरेकडे बघतो, मग चेहऱ्याकडे. दोन्हीकडे दम दिसत नाही म्हटल्यावर आवाज खाली आणून विचारतो, “कुणासाठी पायजे?”

मला उडवायचं नाही हो, शिक्के वाचायचेत! दुसऱ्या महायुद्धात कारखान्यांची नावं लपवायला जर्मनांनी पिस्तुलांवर खुणेचे आकडे-अक्षरं ठोकली. वाल्थरच्या पी-३८वर आधी ‘४८०’, मग ‘एसी’. माउझरच्या लुगरवर ‘बीवायएफ’. शत्रू किती फसला कोण जाणे, जगभरची पेन्शनर मंडळी मात्र भिंग घेऊन कामाला लागली. ‘४८०’वाली थोडीच निघाली, म्हणून तिचा भाव चढा. १९४१ची पी-३८ अशी गुळगुळीत, की तिच्यात बघून भांग पाडावा. ४५ उजाडेपर्यंत हत्यारांचे ओरखडेसुद्धा तसेच सोडलेले. जर्मनी हरत चालल्याची बातमी गोबेल्सने दाबली असेल, पॉलिशवाल्याला ती दाबता आली नाही.

माझा जीव मात्र अमेरिकन एम-१९११ए१वर. हे पिस्तूल बनवावं कुणी? टाइपरायटरवाल्या रेमिंग्टन रँडने. रेल्वेचे सिग्नल करणाऱ्या युनियन स्विच अँड सिग्नलने. आणि शिलाई मशीनवाल्या सिंगरने! सिंगरने केले फक्त ५०० नग. मग सरकारने त्यांना विमानविरोधी तोफांचा नेम साधणारी यंत्रं करायला बसवलं. त्या ५००पैकी एकाला लिलावात चार लाख डॉलरच्या वर किंमत आली. हे मी घरात मोठ्या उत्साहाने सांगितलं. बायकोने सासूबाईंच्या सिंगरवरची चादर उचलून बघितली आणि म्हणाली, “अहो, मग हिचे किती येतील?”

सिग्नलवाल्यांनी १९४३मध्ये ५५ हजार पिस्तुलं केली. आमची अहिल्यानगर-बीड-परळी लाइन १९९५ला मंजूर झाली आणि बीडमधून अहिल्यानगरला पहिली गाडी सुटली १७ सप्टेंबर २०२५ला. तिकडे सिग्नलवाले पिस्तुलं करत होते. इकडे तीस वर्षं सिग्नलवाले काय करत होते, हा संशोधनाचा विषय आहे.

पण गाडी आली हे बरं झालं. अहिल्यानगरला रणगाड्यांचं संग्रहालय आहे. रणगाडा म्हटलं की मला १९३८चं एनफील्ड रिव्हॉल्व्हर आठवतं. रणगाड्यात चढता-उतरताना घोडा कशात तरी अडकायचा, म्हणून इंग्रजांनी घोड्याची शेपटीच छाटली. आमच्याकडे कुणी छाटू देणार नाही. घोडा शर्टात अडकून शर्ट वर व्हावा आणि चारचौघांना दिसावं, यासाठीच तर कमरेला लावायचं!

आमच्याच बीड जिल्ह्यातल्या मस्साजोगच्या सरपंचांची डिसेंबर २०२४मध्ये हत्या झाली, तेव्हा इथल्या शस्त्र परवान्यांची मोजदाद झाली. आकडा हजाराच्या पुढे निघाला. तिथे विनोद सुचत नाही. छाननी झाली, परवाने रद्द झाले, रीलमधले गोळीबार जरा थंडावले. अशा जिल्ह्यात मी परवान्याच्या अर्जात कारण काय लिहू? ‘शिक्के वाचणे’?

कायदाही माझ्या छंदावर रुसलेला. नऊ मिलीमीटर सामान्य माणसाला बंद. म्हणजे लुगर आणि पी-३८ तिथेच गेल्या. २०१९च्या दुरुस्तीपासून एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात. दोन नगांना संग्रह म्हणत नाहीत, जोडपं म्हणतात. त्यातही निवडणूक लागली की तेही ठाण्यात जमा. म्हणून माझा संग्रह सगळा वहीत आहे: चित्रं, शिक्के, नंबर. पोलिसांना त्यात रस नाही, चोरांना तर त्याहून नाही.

रस घेतला तो एका शेजाऱ्याने. जपानी नांबू ९४चं पान त्याला दाखवलं. या पिस्तुलाच्या डाव्या अंगाला एक पट्टी उघडी असते. गोळी भरलेली असताना ती दाबली गेली, तर चाप न ओढताच बार उडतो. जपानी कारागिरीची ही नामुष्की त्याने दोनदा समजावून घेतली. मग वही मिटून म्हणाला, “भाऊ, हे लई कामाचं हाय. कोर्टात शपथेवर सांगता येतंय, चापाला बोट लावलं नाय म्हणून.”