चि. लिंक रोड यास

चि. सांताक्रूझ-चेंबूर लिंक रोड यास वाकोल्याच्या काकाचे अनेक आशीर्वाद.

14 ऑगस्ट 2025 रोजी मुख्यमंत्र्यांचे बोट धरून, तारांवर तोललेल्या त्या वळणदार पुलावरून तू पश्चिम द्रुतगती महामार्ग ओलांडलास आणि एकदाचा घरी आलास. आडनाव मात्र पहिल्या दिवसापासून आमच्या सांताक्रूझचेच लावत होतास. 2014 मध्ये सुरू झालास तेव्हा चेंबूरच्या अमरमहालला उचललेला माणूस तू कुर्ल्याजवळ सीएसटी रोडच्या गर्दीत सोडून द्यायचास. पुढे कलिना, वाकोला ज्याचे त्याने बघावे. नाव आमचे, मुक्काम आजोळी!

तुझ्या जन्मालाही 11 वर्षे लागली. 2003 मध्ये काम निघाले. 115 कोटींचा अंदाज 454 कोटींवर गेला. कारणे होती, नाही असे नाही. वाटेत झोपड्या होत्या, दुकाने होती, कुर्ल्याला रेल्वेचे रूळ होते. त्या दुकानदारांनी 2004 मध्ये जागतिक बँकेच्या तपासणी मंडळाकडे गाऱ्हाणे नेले. कुर्ल्यातल्या गाळ्याची दाद लागली ती थेट वॉशिंग्टनला! मार्च 2006 मध्ये बँकेने काही महिने पैसाच रोखला, तेव्हा कुठे 'पुनर्वसन' हा शब्द इकडे नीट ऐकू आला.

एवढ्या नवसाचा तू, पण बारसे कसले? 18 एप्रिल 2014 ला लोकसभेची आचारसंहिता चालू होती. देशातला पहिला दुमजली उड्डाणपूल म्हणून मिरवायचा तो पूल फीत नाही, हार नाही, कोनशिला नाही, असा मुकाट्याने उघडला. नेत्यांना केवढे सोसावे लागले असेल!

तुझ्या घराण्यातली एक थोरली आत्या तुला ठाऊक नसेल. ट्रॉम्बेहून कुर्ल्यावरून अंधेरीला जाणारी रेल्वे. 1928 ला सुरू झाली, 1934 ला बंद पडली. तू बांधला जात होतास तेवढ्या काळात तिचा जन्म, संसार, तेरावा उरकून पाच वर्षश्राद्धेही झाली असती.

असो. आता चेंबूरहून महामार्गापर्यंत सिग्नल लागत नाही, हे खरे. वळणावर जरा जपून राहा. हे पत्र तुझ्यावरून उतरल्यावर, अंधेरीच्या दिशेने लागलेल्या रांगेत रिक्षात बसून लिहिले आहे. घाई अजिबात नव्हती. अक्षर बघ, किती सुवाच्य आले आहे.

कळावे,
तुझा वाकोल्याचा काका