पश्चिमेची भिंत

मे महिना उजाडला की गोव्यातल्या पेडण्यात माणसांचे दोन गट पडतात. एक गट पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीच्या मागे लागतो: सुके बांगडे, सोलं, मिरच्या, चिंच. दुसरा गट कमरेवर हात ठेवून घराच्या पश्चिमेच्या भिंतीकडे बघत उभा राहतो. पहिल्या गटाकडे यादी असते, दुसऱ्याकडे नुसतीच मतं.

बघण्यासारखं भिंतीत असतं तरी काय? एरवी काही नाही. पण जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस गोव्यात पोचतो आणि वर्षाकाठी तीन हजार मिलीमीटरच्या आसपास ओतून जातो. तो सरळ पडला असता तर कौलांनी निभावून नेलं असतं. पण समुद्रावरचा वारा त्याला तिरपं चालायला शिकवतो. “पावसाक डोळे नाय, पण वाट बरी गावता,” असं एक शेजारीण काकी म्हणत. मातीच्या भिंतीवर झड सुरू झाली की श्रावणापर्यंत भिंतीचा थर अंगणाकडे निघतो.

यावर जुना उपाय म्हणजे चुडतांची मल्लं, म्हणजे माडाच्या झावळ्यांचे विणलेले पडदे. माडाला महिन्याला साधारण एक नवं चुडत फुटतं आणि जुनं खाली येतं. येताना खाली कोण उभा आहे, याची चौकशी करत नाही. ते मधोमध उभं चिरायचं, पाण्यात भिजत घालून मऊ करायचं आणि पाती एकीखालून एक घेत विणायची. मग भिंतीला बांबूची चौकट करून मल्लं सुंभाने बांधायची. सुरुवात खालून करायची. वरची ओळ खालचीवर चढली पाहिजे, नाहीतर पाणी मल्लाच्या मागून घरात शिरतं. बांधायला दोन माणसं पुरतात. खालून “डावीकडे, आणखी डावीकडे” म्हणायला मात्र अख्खा वाडा जमतो.

अमेरिका-कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर हौशी माणसं लाल सीडरचे ओंडके फोडून पातळ फळ्या काढतात आणि घराच्या भिंतींना खवल्यांसारख्या लावतात. तिथेही सुरुवात खालूनच. त्या लाकडात कुजण्याला दाद न देणारी द्रव्यं असतात. फळ्या करड्या पडतात, पण पिढीभर टिकतात. आमची मल्लं गणपतीपर्यंत काळी पडायची आणि दसऱ्याला त्यांच्याकडे बघवत नसे. पण टिकाऊपणाच्या बाबतीत माडाला कशाला बोल लावायचा? २०१६ मध्ये गोव्याच्या कायद्याने त्याला वृक्षांच्या व्याख्येतून काढलं आणि २०१७ मध्ये तोच राज्यवृक्ष झाला. इतक्या उलथापालथीतही त्याने चुडत टाकणं थांबवलं नाही.

आता पेडण्यात काय आणि डिचोलीत काय, बहुतेक घरं चिरा-सिमेंटची झाली. उरलेल्या भिंतींना निळं प्लास्टिक लागतं. ते पाणी अडवतं, हे कबूल. पण रात्रभर वाऱ्याशी फडफडत भांडतं आणि घरातल्यांना साक्षीला उठवतं. विणलेली चुडतं बघायची तर मोरजी, मांद्र्याच्या किनाऱ्यावर जावं. तिथल्या शॅकना ती शोभेसाठी लागतात. पाऊस सरल्यावर चढतात आणि पुढचा पाऊस यायच्या आत उतरतात. ज्यांचा जन्मच पावसासाठी, त्यांना नोकरी लागली ती कोरड्या दिवसांची. पर्यटक त्यांचे फोटो काढतात, पण झड म्हणजे काय हे त्या मल्लांना कुणी दाखवत नाही.

भिंतीवरच्या मल्लांची कारकीर्द मात्र पूर्ण व्हायची. दसऱ्यानंतर ती उतरवली की घरात एकदम उजेड यायचा आणि चार महिन्यांची कोळिष्टकं दिसून बायकांचं काम वाढायचं. उतरवलेली मल्लं उन्हात वाळवून न्हाणीच्या चुलीला लागायची आणि नरकचतुर्दशीच्या पहाटे त्यांच्यावर अभ्यंगाचं पाणी तापायचं. ज्यांनी चार महिने घरादाराला पाणी लागू दिलं नाही, त्यांनीच शेवटी सगळ्यांना आंघोळ घातली. सीडरच्या फळ्या पिढीभर टिकतात, त्यामुळे बिचाऱ्यांच्या नशिबी हे पुण्य नाही.